घण, ऐरण आणि ताव : पॉवर हॅमरशिवाय लोहारकामाची हत्यारे घडवताना

लोहारकाम शिकू पाहणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक गमतीदार पेच पडतो. सांडशी घडवायची, तर तापलेला तुकडा धरण्यासाठी आधी सांडशी हवी. हातोड्याला भोक पाडायचे, तर आधी सुंभा, म्हणजे भोक पाडण्याचे पोलादी हत्यार, हवा. आणि सुंभा घडवायचा, तर पुन्हा हातोडा हवाच. त्यात पोलादाचा जाड तुकडा पाच-सहा ताव देऊनही, म्हणजे तितक्यांदा आगीत लाल करून ठोकूनही, जागचा हलला नाही, की पॉवर हॅमरशिवाय, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या घणाशिवाय, हे काम होणारच नाही, अशी समजूत होऊन बसते. ही समजूत खरी नाही. जेम्स नॅस्मिथ या स्कॉटिश अभियंत्याने वाफेच्या घणाचा आराखडा १८३९ मध्ये काढला आणि १८४२ मध्ये त्याचे पेटंट घेतले, तेव्हा त्याच्यासमोर एका मोठ्या आगबोटीच्या वल्हेचाकांचा अजस्र आस घडवण्याचा प्रश्न होता. छिन्नी, सुंभा, सांडशी आणि किलोभर वजनाचा हातोडा ही हत्यारे त्याआधी शेकडो वर्षे माणसे हातानेच घडवत आली होती.

आपल्याकडे गावोगाव फिरणारे घिसाडी हे काम रस्त्याच्या कडेला उघड्यावर करतात. जमिनीत रोवलेली छोटी ऐरण, कोळशाचा खड्डा आणि भाता एवढ्यावर ते कोयते, कुऱ्हाडी आणि पहारी घडवतात. पुरुष सांडशीने तुकडा धरतो आणि लहान हातोडीने घावाची जागा दाखवतो. घण बहुधा घरची स्त्री मारते. तिथे थोडा वेळ उभे राहून पाहिले, तर लक्षात येते की जोर सगळा शेवटी येतो. त्याआधी कामाला जवळचा माल निवडलेला असतो, ताव योग्य आणलेला असतो आणि घाव लहानशा जागेवर एकवटलेला असतो. पुढील सर्व कृती याच तीन गोष्टींवर उभी आहे, आणि तिचा क्रमही असा ठेवला आहे की प्रत्येक हत्यार पुढच्या हत्याराच्या उपयोगी पडावे.

ऐरण, भट्टी आणि अंधार

लोहारी पद्धतीची शिंगवाली ऐरण महाग असते आणि सुरुवातीला तिची आवश्यकताही नसते. भंगाराच्या बाजारात यंत्रांच्या जाड आसांचे तुकडे मिळतात. १०० मिलिमीटर व्यासाचा आणि ४० सेंटिमीटर लांबीचा असा तुकडा सुमारे २५ किलो भरतो. तो बाभळीच्या ओंडक्यात उभा रोवला, तर त्याचे सगळे वजन घावाच्या बरोबर खाली येते आणि तो आडव्या ठेवलेल्या, त्याहून जड लोखंडापेक्षाही चांगले काम देतो. रेल्वेच्या रुळाचा तुकडाही याच कारणासाठी आडवा न ठेवता उभा वापरावा. भारतीय रेल्वेचा ६० किलोचा रूळ म्हणजे मीटरला ६० किलो; अर्धा मीटर तुकडा ३० किलोंचा होतो. मात्र रूळ विकत घेताना पावती घ्यावी, कारण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या स्वतंत्र कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि भंगारवाल्याचे तोंडी आश्वासन तेथे कामास येत नाही.

ऐरणीची उंची अशी असावी की ताठ उभे राहून हात खाली सोडला असता मुठीची बोटे तिच्या माथ्याला टेकावीत. बसून काम करायचे असेल, तर ती त्या मानाने खाली रोवावी. ऐरणीची एक कड ग्राइंडरने किंचित गोल करावी, साधारण तीन मिलिमीटर त्रिज्येची, आणि दुसरी कड धारदार राहू द्यावी. गोल कड पुढे सांडशी घडवताना फार उपयोगी पडते; धारदार कडेवर खांदा, म्हणजे जाड भाग एकदम बारीक होतो ती पायरी, पाडला, तर त्या कोपऱ्यात चीर पडते आणि सांडशी नेमकी तेथेच तुटते.

इंधन म्हणून लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा सर्वांत निर्धोक आहे, कारण त्यात गंधक नसते आणि तो लवकर पेटतो. पण तो झपाट्याने जळून जातो. दगडी कोळसा वापरल्यास आधी त्याचा पिवळा धूर जळून जाऊ द्यावा आणि तो कोक बनल्यावरच त्यात पोलाद घालावे. वाऱ्यासाठी हाताने फिरवायचा पंखा उत्तम, कारण हात थांबला की वाराही थांबतो; विजेच्या पंख्याकडे दुर्लक्ष झाले, तर तुकडा जळून ठिणग्या उडू लागल्यावरच कळते. तुकडा नेहमी निखाऱ्यांच्या मध्यभागी आडवा ठेवावा, वाऱ्याच्या तोंडावर टेकवू नये.

भट्टी सावलीत, शक्यतो अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी, पण खोली बंद नसावी. अंधार यासाठी की पोलादाचा ताव रंगावरून ओळखायचा असतो आणि उन्हात डाळिंबी रंगाचा तुकडा काळा दिसतो. खोली मोकळी यासाठी की कोळशाच्या आगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काम करताना सुती कपडे, बंद चामडी बूट आणि डोळ्यांवर चष्मा असावा. नायलॉनचे कपडे ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप किंवा पट्ट्या आगीत कधीही घालू नयेत, कारण जस्ताच्या धुराने ताप भरतो आणि श्वासाचा त्रास होतो.

माल निवडताना

हाताने काम करणाऱ्याचा निम्मा घाम दुकानातच वाचतो. २० मिलिमीटर चौरस सळई ठोकून १० मिलिमीटर चौरस करायची असेल, तर तिची लांबी चौपट होते, म्हणजे दहा सेंटिमीटर तुकड्याची चाळीस सेंटिमीटर सळई होते; हे एकट्या माणसाला पंधरा-वीस ताव खाणारे काम आहे. त्याऐवजी १६ मिलिमीटरची सळई घेतली, तर तोच तुकडा साडेपंचवीस सेंटिमीटर होतो आणि काम निम्म्याहून खाली येते. म्हणून कागदावर आधी आकार काढावा, सर्वांत जाड भाग किती जाड हवा ते पाहावे आणि त्या जाडीचाच माल घ्यावा.

सांडशीसाठी साधे मऊ लोखंड घ्यावे, ज्याला दुकानदार एम.एस. म्हणतात. सांडशी सतत तापते आणि पाण्यात बुडते. ती कडक होणाऱ्या पोलादाची केली, तर एखाद्या दिवशी थंड पाण्यातून काढल्यावर काचेसारखी मोडते. बांधकामाची टीएमटी सळई टाळावी, कारण तिच्या फासळ्या ठोकताना आत दुमडतात आणि तिच्या घडणीचाही भरवसा नसतो.

छिन्नी आणि सुंभ्यासाठी जुन्या गाडीची गुंडाळीची स्प्रिंग उत्तम असते. तिचे वेढे शेंदरी तावावर सरळ करून १६ ते १८ मिलिमीटरची लांब गोल सळई मिळते. जुन्या स्प्रिंगमध्ये न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. म्हणून एका टोकाचा छोटा तुकडा तापवून पाण्यात विझवावा, फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये, म्हणजे बाकाला बसवलेल्या पकडीत, मोडावा आणि तुटलेला भाग पाहावा. तो राखाडी आणि रेशमासारखा बारीक कणांचा दिसला, तर माल घ्यावा. त्यात काळी, जुनी चीर दिसली, तर तो भाग टाकून द्यावा. हातोड्यासाठी भंगारात हात घालण्यापेक्षा दुकानातून इ.एन. ८ नावाचे पोलाद विकत घ्यावे. त्यात सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो, ते पाण्यात कडक होते आणि आपण काय घडवतो आहोत हे निश्चित ठाऊक असते.

पहिली छिन्नी, पहिला सुंभा

ही दोन हत्यारे सांडशीशिवाय होतात. स्प्रिंगची सरळ केलेली सळई साठ-सत्तर सेंटिमीटर लांब ठेवावी, तिचे एक टोक हातात धरावे आणि दुसऱ्या टोकावर काम करावे. तुकडा अगदी शेवटी कापायचा.

सळईचे टोक शेंदरी ते केशरी रंगावर आणावे. लिंबासारखा पिवळा रंग स्प्रिंगच्या पोलादाला जास्त होतो, आणि ठिणग्या उडाल्या तर तेवढा भाग जळाला असे समजून कापून टाकावा. रंग विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस झाला, की ठोकणे थांबवून तुकडा पुन्हा आगीत घालावा. ‘अजून दोन घाव’ हा मोह फार महागात पडतो, कारण थंड पोलादावर मारलेल्या घावांच्या चिरा तेव्हा दिसत नाहीत, त्या पुढे पाणी देताना, म्हणजे तापलेले हत्यार झटकन थंड करून कडक करताना, उघडतात.

सुंभ्यासाठी शेवटच्या साडेसात सेंटिमीटरचा निमुळता भाग करायचा असतो. नवशिका गोल सळई गोलच ठेवून फिरवत फिरवत ठोकत जातो आणि तिच्या गाभ्यात पोकळ चीर पाडून ठेवतो. सळई आधी चौकोनी करावी, चौकोनी ठेवूनच हवी तेवढी बारीक करत न्यावी, मग चारही कोपरे ठोकून आठ पैलू करावेत आणि शेवटी हलक्या घावांनी गोल करावी. सुंभ्याचे टोक सपाट, आठ-नऊ मिलिमीटर व्यासाचे ठेवावे. छिन्नीसाठी फक्त दोन विरुद्ध बाजू ठोकून सहा सेंटिमीटरची पाचर करावी आणि कड एक मिलिमीटर जाड सोडावी. तापल्या लोखंडासाठी धारेचा कोन सुमारे ३० अंश, थंड लोखंडासाठी सुमारे ६० अंश असावा. एकच छिन्नी दोन्हीकडे वापरू नये. दोन्ही हत्यारांचा घाव खाणारा शेंडा थोडा निमुळता करून त्याच्या कडा मोडाव्यात, म्हणजे त्यांची धार घालवावी.

पाणी देण्यापूर्वी हत्यार तीनदा तापवून हवेत थंड करावे. ठोकताना पोलादाच्या कणांत जो ताण आणि विस्कळीतपणा आलेला असतो, तो त्याने निघून जातो. तापवण्याची मर्यादा लोहचुंबकाने ठरवावी. सुमारे ७७० अंश सेल्सियसला पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. त्यानंतर रंग आणखी थोडा उजळू द्यावा आणि हत्यार बाहेर काढावे. धाग्याला बांधलेले जुन्या स्पीकरचे चुंबक भट्टीशेजारी टांगून ठेवले, तर अंदाजाला आधार मिळतो. मी चुंबकाशिवाय काढलेल्या पहिल्या चार छिन्न्यांपैकी दोन कडकच झाल्या नव्हत्या आणि एकीची धार पहिल्या घावाला उडाली.

स्प्रिंगच्या पोलादाला पाण्याऐवजी तेल वापरावे. चार-पाच लिटर शेंगदाण्याचे किंवा पामचे तेल झाकणाच्या लोखंडी डब्यात घेऊन हाताला चांगले गरम लागेपर्यंत, म्हणजे ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करावे. थंड तेल दाट असल्याने ते पोलादाची उष्णता सावकाश ओढते. इंजिनाचे जळके तेल वापरू नये, त्याचा धूर विषारी असतो. हत्याराची शेवटची सहा-सात सेंटिमीटर तापवून ते सरळ उभे, एका झटक्यात तापलेल्या भागाच्या वरपर्यंत बुडवावे आणि वर-खाली हलवावे. अर्धे लाल हत्यार तेलाबाहेर राहिले, तर तेल पेट घेते. झाकण हाताशी हवे ते त्यासाठीच.

या स्थितीत धार काचेसारखी ठिसूळ असते, म्हणून आता तिचा कडकपणा थोडा उतरवायचा. हत्याराची एक बाजू दगडाने घासून चकचकीत करावी आणि मधला दांडा लाल तापवलेल्या जाड लोखंडी ठोकळ्यावर ठेवावा. थोड्या वेळाने चकचकीत भागावर रंगांचे पट्टे धारेकडे सरकू लागतात : प्रथम गव्हाच्या काडाचा पिवळा, सुमारे २२० ते २३० अंशांचा, मग गुळासारखा तपकिरी, २५० ते २६० अंशांचा, मग जांभळा, २७० ते २८० अंशांचा, आणि शेवटी निळा, ३०० अंशांच्या आसपासचा. छिन्नीच्या धारेवर जांभळा रंग पोहोचला, की ती लगेच विझवावी. सुंभ्याला निळा रंगही चालतो, कारण तो तापल्या लोखंडात शिरून पुन्हा पुन्हा मऊ होणारच असतो. घाव खाणाऱ्या शेंड्याला कधीही पाणी देऊ नये. कडक शेंड्यावर कडक हातोडा पडला, तर पोलादाचा कण बंदुकीच्या छऱ्यासारखा उडतो. मऊ शेंडा हळूहळू छत्रीसारखा पसरतो, आणि त्या पसरलेल्या कडा वेळच्या वेळी घासून काढाव्या लागतात.

सांडशी

पहिली सांडशी दिसायला साधी, पण काम भागवणारी असावी. २० मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड पट्टीचे ४० सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्यावेत. लांबीमुळे ते उघड्या हाताने धरता येतात. टोकापासून ५० मिलिमीटरपर्यंत जबडा, पुढची २५ मिलिमीटर पिळासाठी आणि ९५ मिलिमीटरवर दोन्ही भाग जोडणाऱ्या रिव्हेटचे भोक, अशा खुणा सेंटर पंचने, म्हणजे टोकदार ठोकणीने, कराव्यात. खडूची खूण आगीत नाहीशी होते.

पिळाचा भाग केशरी तावावर आणून जबडा व्हाइसमध्ये धरावा आणि पिळापलीकडे पाना लावून एकदाच, न थांबता पाव वेढा द्यावा. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी : दोन्ही तुकड्यांचा पीळ एकाच दिशेचा असला पाहिजे. सांडशीचे दोन भाग उजव्या-डाव्या हातांसारखे दिसतात, म्हणून ते एकमेकांचे आरसे असतील असे वाटते. प्रत्यक्षात ते तंतोतंत सारखे असतात आणि एक भाग उलटा करून दुसऱ्यावर ठेवला की सांडशी होते. माझ्या पहिल्या सांडशीचे दोन्ही भाग मी मोठ्या काळजीने एकमेकांचे आरसे केले होते. ते दोन्ही अजून भिंतीला टांगलेले आहेत.

भोक पाडण्यासाठी भाग शेंदरी करून ऐरणीच्या सपाट भागावर ठेवावा आणि खुणेवर सुंभा मारावा. तीन-चार घावांनंतर सुंभा काढून पाण्यात बुडवावा, भोकात चिमूटभर कोळशाची पूड टाकावी आणि पुन्हा मारावा. पुडीचा वायू होऊन सुंभा अडकत नाही. घावाचा आवाज बदलून टणक झाला, की पट्टी उलटी करावी. उलट्या बाजूला एक काळसर गोल डाग दिसतो, कारण तेवढी जागा ऐरणीवर दाबली जाऊन लवकर थंड झालेली असते. त्या डागावर सुंभा ठेवून आणि खाली भोकाची मोकळी जागा ठेवून एक जोरकस घाव घातला, की बारीक चकती खाली पडते. अशा भोकाच्या भोवती जवळजवळ सगळे लोखंड शिल्लक राहते; ड्रिलने तेच लोखंड कीस होऊन जाते आणि सांडशी नेमकी तेथे कमजोर होते.

दांड्यांच्या कडा ठोकून रुंदी २० वरून १२ मिलिमीटरपर्यंत आणावी आणि धारदार कोपरे मोडावेत, म्हणजे तळहाताला फोड येत नाहीत. रिव्हेट ८ मिलिमीटर गोल मऊ सळईची करावी आणि डोके बसवण्यासाठी तिचा भाग व्यासाच्या दीडपट, म्हणजे १२ मिलिमीटर, बाहेर ठेवावा. रिव्हेट लाल करून चटकन ठोकावी. सांडशी अर्थातच घट्ट बसेल. मग तो सांधा पुन्हा मंद लाल करून सांडशी पाच-दहा वेळा उघड-मीट करावी आणि हलवत हलवतच विझवावी. शेवटी जबडा लाल करून त्यात ज्या जाडीची सळई धरायची आहे ती ठेवावी, जबडा तिच्यावर ठोकावा आणि दांड्यांमध्ये एका मुठीत मावेल एवढे अंतर राहील असा बाक द्यावा.

ही सांडशी हाती आली, की १६ मिलिमीटर चौरस सळईची चांगली सांडशी करता येते. तिच्यात तीन खांदे पाडायचे असतात. शेवटची ४० मिलिमीटर ऐरणीच्या आपल्याकडील गोल कडेवर ठेवून अर्धा घाव ऐरणीवर आणि अर्धा बाहेर पडेल असे मारत १० मिलिमीटर जाडीचा जबडा काढावा. मग सळई पाव वेढा डावीकडे फिरवून, जबडा पलीकडच्या कडेबाहेर साधारण ४५ अंशांच्या तिरप्या दिशेने काढून रिव्हेटची चपटी जागा बसवावी. पुन्हा डावीकडेच पाव वेढा फिरवून त्या चपट्या जागेमागे तिसरा खांदा पाडावा. तेथून दांडा सुरू होतो. दोन्ही भाग करताना प्रत्येक वेळी डावीकडेच फिरवले, तर आरशाची चूक होणे अशक्य आहे. खांद्यामागे दहा सेंटिमीटर सळई ठेवून तुकडा छिन्नीने तोडावा आणि तो पहिल्या सांडशीत धरून दांडा लांबवावा.

लांबवताना हातोड्याचा सपाट चेहरा वापरला, तर लोखंड चहूकडे पसरते आणि लांबी थोडीच वाढते. हातोड्याची अरुंद पाचरीसारखी बाजू सळईला आडवी ठेवून मारली, किंवा सळई ऐरणीच्या गोल कडेवर ठेवून सपाट बाजूने मारली, तर तेवढाच घाव लहान जागेवर उतरतो आणि लोखंड लांबीच्याच दिशेने पळते. वरवंट्याखालची डाळ जशी दगडाच्या आडव्या दिशेला सरकते, तसाच हा प्रकार आहे. पडलेल्या खाचा पुढच्या तावात सपाट बाजूने पुसून घ्याव्यात.

दुसरा माणूस नसेल तर, आणि असेल तर

एकट्याने काम करणाऱ्याचा एक हात सांडशीत आणि दुसरा हातोड्यात गुंतलेला असतो. तिसरे हत्यार धरायला हात उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे स्प्रिंग फुलर. १२ मिलिमीटरच्या गोल सळईचा सुमारे ८५ सेंटिमीटर तुकडा घेऊन त्याचा मधला भाग चपटा करावा, तेथे रुंद वळण द्यावे आणि दोन्ही टोके एकमेकांवर समांतर आणावीत. खालच्या टोकाला ऐरणीच्या कडेला अडकेल असा काटकोनी तुकडा वेल्ड करावा. दोन सळयांमध्ये तापलेला तुकडा ठेवून वर घाव घातला, की त्यावर दोन्ही बाजूंनी एकदम खाच पडते. जाड तुकड्याचे काम यामुळे विलक्षण हलके होते. एकच हत्यार घडवायला वेळ असेल, तर मी हेच सुचवीन.

दुसरा माणूस मिळाला, तर त्याच्या हाती तीन ते चार किलोंचा घण द्यावा. आठ किलोंच्या घणाने दहा घाव मारून दमण्यापेक्षा हलक्या घणाने एका तावात वीस अचूक घाव मारणे अधिक लाभाचे असते. खुणा आधी ठरवाव्यात : लहान हातोडी जेथे पडेल तेथेच घण पडावा, तिच्या जोराच्या प्रमाणातच पडावा, आणि हातोडी ऐरणीच्या रिकाम्या माथ्यावर दोनदा वाजली, की घण थांबावा. घण मारणाऱ्याने समोर उभे न राहता किंचित बाजूला उभे राहावे. छिन्नी किंवा सुंभा घणाखाली धरायचा असेल, तर तो हाताने धरू नये. दहा मिलिमीटरच्या मऊ सळईचा वेढा त्याभोवती घालून तीस-चाळीस सेंटिमीटरचा दांडा करून घ्यावा.

हातोडा

४० मिलिमीटर चौरस इ.एन. ८ चा ८५ मिलिमीटर तुकडा एक किलोहून थोडा जास्त भरतो आणि त्याचा हातोडा रोजच्या कामाला अगदी योग्य होतो. हे काम पहिल्यांदा दोघांनी करावे. आधी दोन हत्यारे लागतात, आणि ती आता आपल्या आवाक्यात आहेत : गोलसर कोपऱ्यांचा, २० मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड टोकाचा चपटा सुंभा, आणि दांड्याच्या भोकाच्या आकाराची ड्रिफ्ट, म्हणजे मध्ये ३० बाय १८ मिलिमीटरची लांबगोल आणि दोन्हीकडे निमुळती होत जाणारी सळई.

भोकाची मध्यरेषा दोन्ही विरुद्ध बाजूंवर मोजून सेंटर पंचने खोल उमटवावी. तुकडा आत-बाहेर सारखा केशरी झाला पाहिजे. ४० मिलिमीटर जाडीला यासाठी दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि बाहेरचा रंग पाहून घाई केली तर गाभा थंडच असतो. एका बाजूने चपटा सुंभा अर्ध्यापेक्षा थोडा खोल जाईपर्यंत मारावा, दर चार घावांनी तो काढून विझवावा, मग तुकडा उलटून दुसऱ्या बाजूने मारावा. सुंभा जराही तिरपा गेला असे वाटले, तर तत्काळ थांबावे. भोक तिरपे झालेला हातोडा नंतर कशानेही सरळ होत नाही, आणि वापरणाऱ्याचे मनगट ते आयुष्यभर सांगत राहते.

आरपार भोक झाल्यावर ड्रिफ्ट दोन्ही बाजूंनी आलटून पालटून घालावी, म्हणजे भोक मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांना रुंद राहते. दांडा आणि पाचर घट्ट बसण्याचे रहस्य या आकारात आहे. ड्रिफ्ट आत असतानाच भोकाच्या दोन्ही बाजूंच्या फुगलेल्या गालांवर घाव घालून ते पातळ आणि उंच करावेत. त्यानंतर एक टोक स्प्रिंग फुलरने आवळून पाचरीच्या आकाराचे करावे आणि दुसऱ्या टोकाचे चार कोपरे मोडावेत. एवढ्याला बारा-पंधरा ताव लागतील, आणि एका दिवसात ते न संपवले तरी काही बिघडत नाही.

चेहरा घासताना तो पूर्ण सपाट करू नये. मध्यभागी किंचित फुगीर आणि कडांना गोल ठेवावा. सपाट चेहऱ्याचा हातोडा जरा तिरका पडला, की लोखंडावर चंद्रकोरीसारखी खोल खूण उठते.

तीन वेळा तापवून हवेत थंड केल्यावर हातोडा चुंबक सोडेपर्यंत सारखा तापवावा आणि भोकात सळई घालून उचलावा. कोमट पाण्याच्या बादलीत आधी चेहरा दोन सेंटिमीटर बुडवून हलवत राहावे, मग उलटून पाचरीचे टोक बुडवावे, आणि दोन्हीकडची लाली जाईपर्यंत असेच आलटून पालटून करावे. भोकाभोवतीचा भाग मऊच राहिला पाहिजे. दोन्ही टोके घासून चकचकीत करावीत आणि मग ड्रिफ्टसारखीच एक जाड सळई लाल तापवून भोकात घालावी. उष्णता मधून टोकांकडे सरकू लागते, गालांवर निळा रंग चढतो, आणि चेहऱ्यावर गव्हाळी पिवळा रंग उमटून तो तपकिरीकडे झुकू लागला, की हातोडा पाण्यात टाकावा. कानस चेहऱ्यावर घासली असता ती थोडीशीच लागावी. अजिबात न घसटता ती निसटली, तर कडकपणा आणखी उतरवावा.

दांड्यासाठी बाभूळ किंवा धावडा चांगला. लाकूड पूर्ण वाळलेले असावे आणि त्याचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जात असावेत. भोकात जाणाऱ्या टोकाला लांबीच्या दिशेने चीर देऊन त्यात लाकडी पाचर ठोकावी आणि तिला तिरपी एक लोखंडी पाचर मारावी. दांड्याला रंग किंवा व्हार्निश लावू नये, हात घसरतो. जवसाचे तेल दोन-तीनदा चोळावे. पहिल्या काही दिवसांत दांडा सैल पडला, तर हातोडा रात्रभर पाण्यात टाकण्याची सवय आपल्याकडे फार आहे, पण लाकूड फुगून भोकात चेपते आणि वाळल्यावर पूर्वीपेक्षा जास्त सैल होते. त्याऐवजी दांड्याचा खालचा शेंडा ऐरणीवर उभा आपटून डोके खाली बसवावे, पाचर आणखी आत ठोकावी आणि वर आलेले लाकूड कापून टाकावे.